पाण्याचा भाव आणि तळ्यातली म्हैस

तीर्थस्वरूप दाजींना गहिनीनाथचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडं पाण्यावाचून सुखरूप आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे ते कळवा. हे पत्र ताईला वाचून दाखवू नका. (फोनवर ती स्पीकर लावून ऐकती, म्हणून कागद खराब करतोय.)

तुम्ही नगरच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता. दिवाळीत आमच्या ओसरीवर बसून तुम्ही समजावलं होतं, की प्रत्येकानं आपापला फायदा बघितला की बाजार आपोआप सगळ्यांचं भलं करतो. मला ते लई पटलं, कारण गावात पाणी फक्त माझ्याच बोअरला होतं. तोवर घरटी दोन हंडे फुकट नेत होते (वडिलांची पद्धत; त्यांना कुणी शिकवलं नव्हतं). मी ते बंद केलं. चैत्रात टँकरवाले जास्त भाव देतील म्हणून प्लास्टिकचं शेततळं काठोकाठ भरलं आणि भोवती काटेरी कुंपण घालून बसलो. दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव आले, सभासदांच्या जनावरांपुरतं तरी द्या म्हणाले. मी त्यांना मागणी-पुरवठा समजावला. ते माझ्याकडं, याला ताप चढलाय का, असं बघत गेले. मग गल्लीतली म्हातारी बायनाबाई हंडा घेऊन आली. तिला भाव सांगितला. "बरं हाय बाबा," म्हणून रिकामा हंडा घेऊन गेली. (तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.)

घरी सारजाबाईनं ही विद्या माझ्याआधी आत्मसात केली. मी दुसरी भाकर मागितली तर म्हणाली, "भाव बोला."

"अगं, मी नवरा हाय तुझा!"

"म्हणून तर पहिली फुकट दिली."

मंगळवारी आमची म्हैस दावं तोडून, कुंपण तुडवून थेट तळ्यात डुंबायला उतरली. प्लास्टिक निसरडं, पाय ठरंना. नुसतं तोंड वर. मी बोंब ठोकली. सगळं गाव आलं आणि बांधावर ओळीनं उभं राहिलं. धुळाजी मेंढपाळ घोंगडं खांद्यावर टाकून पुढं आला.

"वढू की. पर मागणी लई, अन् वढणारी माणसं धाच. दर काय देता?"

मी दर सांगितला. म्हैस आणखी खाली गेली, तसा भाव वर गेला. (शास्त्राप्रमाणं त्यांचं काहीच चुकत नव्हतं.) तीनदा वाढवला, तीनदा धुळाजीनं मान हलवली. शेवटी मी मटकन खाली बसलो आणि रडलो, दाजी, खोटं कशाला लिहू. म्हशीची किंमत आठवून न्हाई. ती माझ्याकडंच बघत होती.

तेवढ्यात बायनाबाई तिच्या आटलेल्या आडाचा जाड दोर ओढत आली. "कशापायी हुभे रं मुडद्यांनो? मुक्या जनावरानं काय केलंय तुमचं?"

त्यासरशी धा जण पाण्यात. म्हैस बाहेर आली, प्लास्टिकच्या चिंध्या झाल्या, पाणी संध्याकाळपर्यंत जमिनीनं पिऊन टाकलं. मी खिशात हात घातला तर धुळाजी म्हणाला, "ठिवा. आमी नुसता भाव बघत होतो."

बोअर आता पहिल्यासारखी सगळ्यांना मोकळी केली. तरी एक विचारतो: हाक मारल्यावर किती माणसं धावतील, हा भाव कोणत्या बाजारात ठरतो? तुमच्या पुस्तकात असेल तर पान कळवा.

ताईला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला सुधारलेला मेहुणा,
गहिनीनाथ

ता. क. : दूध संस्थेची निवडणूक लागली आहे. मी उभा आहे. माणुसकी आणि सहकार यावर दोन पानी भाषण तातडीनं लिहून पाठवा. बायकांनी पदर डोळ्याला लावला पाहिजे.

आणखी ता. क. : म्हशीचा प्रसंग जरूर घाला, फक्त म्हैस कुणाची ते मोघम ठेवा. आणि दोराचं नावही काढू नका. निवडणुकीत माझ्यासमोर बायनाबाईच उभी आहे.