पंख्याखालच्या दोन जागा

सोम., ३ फेब्रु.
शेठनी घरी बोलावलं. गुरुवारच्या खेळानंतर थिएटर बंद. शुक्रवारचा पिक्चर मागवायचा नाही. ऑपरेटर दत्तूकाकांना इतक्यात सांगायचं नाही, गावभर होईल. गुरुवारी मी स्वतः येऊन सांगेन, म्हणाले. मला बोईसरच्या गोडाऊनवर घेणार आहेत. मान डोलावली.

मंगळ., ४
तीनच्या खेळाला चार माणसं. बेटेगावचे कामगार, त्यातले दोन झोपलेले. काका केबिनमध्ये जुनं मशीन पुसत होते. आता सगळं कॉम्प्युटरवर, तरी त्याला तेलपाणी चालूच. सांगत होते, पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की कोळीवाडे बायकापोरांसकट यायचे, उभं राहायला जागा नसे. काकी मात्र इतक्या वर्षांत एकदाही आत आली नाही. रविवारी तिला आणणार.
"ती बोलते, सगल्या तालुक्याला पिक्चर दाकवलास, मला तेवडा नाय."
उद्याच आणा ना, म्हटलं.
"शुक्कर-शनवार केळव्याला लगीन हाय, ती त्याच गडबडीत. थेटर काय पलून जाते?"
तोंडापर्यंत आलं होतं.

गुरु., ६
शेवटचा खेळ. सात माणसं. शेठ आले नाहीत, फोन बंद. काकांनी हात धुतले, डबा घेतला.
"दोन दिवस बटन तू दाब. रविवारी पंख्याखाली दोन जागा धर. मी पन खाली बसनार."
मी हो म्हटलं.
हो का म्हटलं?

शनि., ८
केळव्याला जायचं म्हणून स्टँडवर गेलो. एस.टी. आली, गेली. लग्नघरात कसं सांगायचं, अशी स्वतःची समजूत घातली. खरं कारण ते नाही. सोमवारी गोडाऊनवर बोलावलंय. शेठ नाराज झाले तर...

रवि., ९
पावणेतीनला दोघं आले. काकी नव्या लुगड्यात, अबोलीची वेणी. गेटला कुलूप, बोर्ड कोरा. चावी माझ्याकडेच. उघडलं. काकी पंख्याखाली जाऊन बसली, रिकाम्या पडद्याकडे बघत. काका दाराशीच.
"तुला कदी समजला?"
सोमवारी, म्हटलं.
काका वर केबिनमध्येही गेले नाहीत. काकीच म्हणाली, "केवडा मोटा हाय रे." मग रिक्षाने परत घरी, केळव्याजवळच्या माहीमला.

सोम., १०
गोडाऊनचा पहिला दिवस. खोकी मोजली, दोनदा चुकलो. केबिनमध्ये काकांचा चष्मा राहिला होता, आता माझ्या खिशात आहे. कोणाबरोबर तरी पाठवता येईल. नको, मीच जायला हवं. काका बोलणार नाहीत, ते चालेल. काकी चहा ठेवेल, त्याचीच भीती वाटते.