शालूच्या भांडणाचा पहिला प्रयोग

प्रिय आक्का,

परवा स्वारीच्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नाटकगृह तुडुंब भरलं होतं, टाळ्या पडल्या, हार पडले, आणि तेव्हापासून माझं डोकं नुसतं भणभणतं आहे. कुणाशी बोलू? या घरात खरं बोलायला एक तूच होतीस. म्हणून सासूबाई जेवून कलंडल्या तशी ही लिहायला बसले. अक्षर वाकडंतिकडं आलं तर हसू नकोस. पिठाच्या परातीत बोटानं गिरवून तूच शिकवलेलं आहे ते!

नाटकाचं नाव ‘संगीत मानिनीकलह’. पेशवाईतल्या एका सरदाराच्या दोन बायकांची गोष्ट. सरदार बिचारा देवमाणूस, आणि बायका दोघी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. कुणाच्या घरातल्या या बायका, ओळखलंस ना? मागे पुण्याचा पडदा सोडला आणि अंगावर जरीकाठ चढवले, की वाडीतलं आपलं स्वयंपाकघर थेट पेशव्यांच्या दारात जाऊन बसतं!

तुला मूल नाही म्हणून मला आणली. आल्या आल्या तुझं माझं जमलं, हीच काय ती आपली चूक. तू माझी वेणी घालत होतीस, कशावरून तरी दोघी खिदळलो, आणि सासूबाई दारात उभ्या. “दोघी एक झाल्या तर माझ्या लेकाला विचारणार कोण?” म्हणाल्या आणि तुला पादऱ्याला माहेरी धाडून दिलं. पावसाळा उलटला तरी बोलावणं नाही. ते दिवस मी कसे काढले, ते तुला कधी पुरतं सांगितलंच नाही.

तू परत आलीस ती युक्ती घेऊनच. कोठीघरात माझा कान धरून म्हणालीस, “धाकटे, उद्यापासून आपण भांडायचं. असं भांडायचं, की शेजारच्या मणिबेनना घरबसल्या ऐकू गेलं पाहिजे.”

“मला नाही भांडता येत,” मी रडवेली.

“मी शिकवते की!”

आणि काय शिकवलंस! आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून भांडण, तुळशीला आधी पाणी कुणी घातलं म्हणून भांडण, पाटा धुतला नाही म्हणून अबोला. चारचौघांत ‘अहो आक्का’ आणि कोठीघरात ‘अगं’. सासूबाई निर्धास्त झाल्या. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या सुनांना वेगळं करायची कुणाला गरज? तुला पुन्हा पादऱ्याला धाडायचं नाव कुणी काढलं नाही.

मग तो हिरवा शालू. स्वारीनं माझ्यासाठी आणला आणि तुझ्यासाठी साधा खणही नाही. मी म्हटलं, आलटून पालटून नेसू. तू म्हणालीस, “छट्! भांडून दुसरा काढू.” आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर, स्वारी कचेरीला निघण्याच्या वेळेला, कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. “माझ्या कुंकवात वाटेकरी झालीस, आता अंगावरचं लुगडंही ओढून घे!” समोरच्या माडीतल्या बायका खिडकीशी आल्या. आठवडा उलटायच्या आत दुसरा शालू घरात. कोठीघरात पदराचे बोळे तोंडात कोंबून हसलो होतो दोघी.

तुझं ते वाक्य निव्वळ सोंग होतं का गं? मी कधी विचारलं नाही. थोडं तरी खरं असणारच. तुझ्या वाट्याचंच तर मला मिळालं होतं. तरी तू माझ्यावर माया केलीस, आणि हेच त्या नाटककाराला दिसलं नाही! भांडण त्याच्या कानावर पडलं, हसू कोठीघरात राहिलं.

शालूचा तो प्रवेश तिसऱ्या अंकात आहे. तुझं वाक्य जसंच्या तसं. त्याच्या आधी एक पद घातलंय, तेवढीच काय ती स्वारीची स्वतःची भर.

त्याहून वाईट सांगू? थोरलीचं काम करणारे नट महिनाभर आपल्याकडे येत होते. चांगले मिशा काढलेले, मर्यादशील गृहस्थ. स्वारीनं मला बोलावून सांगितलं, “ती भांडताना कशी उभी राहायची, यांना दाखव.” तुला जाऊन वर्ष झालं नव्हतं, आक्का! मी ओसरीवर उभी राहून तुझा हात, तुझी मान, चिडलीस की नथ सावरायची तुझी लकब, सगळं परपुरुषाला शिकवलं. सासूबाई सुपारी कातरत म्हणाल्या, “हिला बरं आठवतंय वैर.”

प्रयोगाला आम्हा बायकांना वर, चिकाच्या पडद्याआड बसवलं होतं. तिसरा अंक उघडला, ते गृहस्थ नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून आले, कमरेवर हात ठेवला, आणि मी अर्धी उठले. खरंच उठले गं! ‘आक्का’ अशी हाक ओठांवर आली होती. मग त्यांनी शालू टराटरा फाडला आणि सगळं नाटकगृह ओरडलं, “वन्स मोअर!” पुन्हा फाडला. दुसरा तयारच ठेवला होता. तू शालूला नखसुद्धा लावलं नव्हतंस.

मणिबेन माझ्या शेजारी. हसून हसून डोळे पुसत माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाल्या, “शोक्य ते शोक्य, बेन! हवे तो निरांत ने तमने?” सवत गेली, आता निवांत ना म्हणे मी! वाईट बाई नाही ती. वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून जे ऐकलं, तेच बोलली.

शेवटी स्वारी रंगमंचावर. गळ्यात हार. “हे नाटक मी माझ्या दिवंगत पत्नीच्या स्मृतीस अर्पण करतो. जन्मभर पुरेल एवढा विषय तिनं मला घरबसल्या दिला.” लोक पोट धरधरून हसले. तुझ्या मरणावर हसले, आक्का, आणि मी चिकाआड बसून ऐकलं.

आता तुझ्यावरचा राग. हो, आहे राग! तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मला खोलीत येऊ दिलं नाही. “सवतीच्या हातचं पाणी नको,” म्हणत सासूबाईंनी पादऱ्याहून तुझ्या भावजयीला आणलं. तिला तुला कुठल्या कुशीवर वळवायचं तेही माहीत नव्हतं. मी उंबऱ्याशी उभी राहायची. शेवटल्या दिवशी तू सगळ्यांदेखत म्हणालीस, “तोंड दाखवू नकोस, जा इथून.” आणि मग अगदी बारीक आवाजात, “जेवून घे.” भावजयीला वाटलं, वातात बरळतेस.

का नाही गं त्या वेळी तरी खरं बोललीस? मरणाऱ्या माणसाला कोण कुठे धाडणार होतं? ‘ही माझी आहे, हिला जवळ बसू द्या’ एवढंच म्हणायचं होतं. मला सांभाळायला गप्प राहिलीस, हे मला कळतं. पण माझं काय सांभाळलं गेलं? तुला नेली तेव्हा मी ऊर बडवून रडले, तर जमलेल्या बायका एकमेकींना खुणावत होत्या, बघा कशी रडायचं सोंग करते!

तू भूत होऊन मला छळू नयेस म्हणून सासूबाईंनी तुझ्या नावाचा चांदीचा टाक करवून माझ्या गळ्यात बांधलाय. सवतीचा टाक. रोज त्याला हळदकुंकू वाहून ‘शांत राहा’ म्हणायचं. मी म्हणत नाही. शांत राहून काय मिळालं आपल्याला?

आणि आता ऐक, ज्यासाठी खरं तर लिहायला बसले. नाटक गाजलं म्हणून काल एक स्थळ आलंय. डभोईचे कुणी गृहस्थ, परवा पहिल्या रांगेत होते. मुलगी सोळाची आहे, शाळेत गेलेली. दोन बायका झाल्या, पाळणा काही हलला नाही, दोष मात्र दोघींचाच! सासूबाई हरखल्यात. स्वारी पान लावता लावता म्हणाली, “चला, पुढच्या नाटकाची सोय झाली.”

मी पदर खोचून समोर गेले. म्हटलं, “त्या पोरीला इथे आणू नका. तिचे हाल होतील.”

तर दोघं खदखदून हसली. “बघ आई,” स्वारी म्हणाली, “मुलगी अजून पाहिली नाही, आणि हिचं सुरू झालं!”

म्हणजे आता मी काहीही बोलले तरी तो मत्सरच. बोलणं संपलं, आक्का. करणं उरलं.

तेव्हा तुला वचन देते. त्या मुलीशी मी भांडणार नाही. सोंगालासुद्धा नाही. नवी नवरी उंबरा ओलांडते तेव्हा जुनीनं आत दार लावून बसायचं, अशी या घरची रीत आहे. मला आणली तेव्हा तू आत होतीस, आठवतं? मी आत बसणार नाही. वऱ्हाड दारात असताना, मणिबेन आणि सगळी आळी बघत असताना बाहेर येईन, तिचा हात धरीन आणि तिला घरात घेईन. तिथेच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन, की हिच्याआधी या घरात माझी एक आक्का होती आणि तिनं मला जिवापलीकडं जपलं. सासूबाई मला माहेरी धाडतील. धाडोत. पण या घरात आपलं माणूस कोण, हे त्या पोरीला कोठीघरात शोधत बसावं लागणार नाही. पहिल्याच पावलाला, भर उजेडात दिसेल.

तुझी,
धाकटी