बसथांब्यावरचा क्विंटन

गुरुवार, १४ मार्च

प्रिय व्हर्नेल ताई,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. फोन तू उचलत नाहीस आणि निरोप तुझ्या चर्चमधल्या सिस्टर ब्लँडीनच्या तोंडून पाठवतेस. म्हणजे तो माझ्यापर्यंत पोचायच्या आधी अर्ध्या चर्चला कळलेला असतो. म्हणून लिहायला बसले. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टर जिने चढू नको म्हणाले, तरी चर्चच्या तळघरात उतरून शुक्रवारचे मासे तळतेसच म्हणे. माझं रक्तदाबाचं गोळीवर बरं चाललंय. डोक्याची मात्र गोळी मिळत नाही.

ऑफिसात गडबड आहे. मंगळवारी नगर परिषदेसमोर आमच्या कार्यक्रमाची सुनावणी आहे. खटला चालेपर्यंत माणसाला तुरुंगात न डांबता घरी राहू द्यायचं आणि आठवड्याला हजेरी घ्यायची, तोच तो कार्यक्रम. परिषदेने नकार दिला की उन्हाळ्यात तो बंद. शहराच्या न्याय कार्यालयाच्या वतीने लोकांशी बोलायचं काम माझं, त्यामुळे काही बिनसलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. नवे डायरेक्टर गोड माणूस आहेत, पण रोज सकाळी विचारतात, "ओडेसा, लोक काय म्हणतायत?" लोक काय म्हणतायत! माझी सख्खी बहीण काय म्हणतेय तेच मला धड कळत नाही.

टाळून तरी किती टाळू? पोस्टरबद्दलच लिहायचंय.

तू रविवारी चर्चमधून बाहेर पडलीस आणि समोरच्या बसथांब्यावर तुझाच मुलगा, काचेएवढा मोठा, हसत उभा. खाली अक्षरं: "मी घरी राहिलो. कामावर गेलो. प्रत्येक तारखेला कोर्टात हजर झालो." शेजारी ब्लँडीन. ती म्हणाली म्हणे, "अगं बाई, हा तर अटलांटात ना?" त्याला अटक झाल्यापासून तू सगळ्यांना सांगत आलीस की क्विंटन मामाकडे अटलांटात कामाला लागलाय. झाकली मूठ होती. ती आमच्या ऑफिसने भर रस्त्यात, दिवे लावून उघडली.

तू त्याच दुपारी फोन केलास आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर "तुझी नाराजी आम्ही गांभीर्याने घेत आहोत." खरंच सांगते, मी मुद्दाम नाही बोलले. जिभेला वळणच तसं पडलंय. तू म्हणालीस, "ओडेसा, मला निवेदन देऊ नकोस. मी तुझी बहीण आहे, वर्तमानपत्र नाही." ते मला लागलं. मग विचारलंस, "पोस्टरवर 'घरी' लिहिलंय. कुठल्या घरी?" आणि फोन ठेवलास.

तेव्हापासून मी त्या प्रश्नाभोवती फिरतेय. तो प्रश्न होता, टोमणा होता, की तू रडत होतीस, मला उमगलं नाही.

आमच्याकडची पद्धत तुला ऐकून हसू येईल. बाहेर जाणारी ओळन् ओळ दहा हातांखालून जाते. आमचे वकील बघतात, महापौरांचा माणूस बघतो, कार्यक्रम चालवणारी संस्था बघते. "आरोपी" खोडून "सहभागी" लिहायचं ठरवायला आमच्या दोन बैठका झाल्या. क्विंटनच्या वकिलाची परवानगी घेतली, खुद्द त्याची घेतली. त्याच्यावरचा खटला रद्द झालाय, चोरीच्या गाडीत तो नुसता बसला होता हे कोर्टानेही मानलं, तेही पुन्हा तपासलं. त्याच्या आईला विचारायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही. पोरगा सज्ञान आहे, त्यामुळे तसा रकानाच नव्हता.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या घरी, ताई. माझ्या सोफ्यावर.

तू त्याला म्हणालीस, हे निस्तरेपर्यंत माझ्या दारात येऊ नकोस. कोर्ट म्हणालं, शहराबाहेर पाऊल टाकू नकोस. मग पोराने जावं कुठे? तो माझ्याकडे आला आणि त्याने एकच अट घातली. "आईने विचारलं तर सांग, मावशी. नाही विचारलं तर नको." तू विचारशील म्हणून आम्ही दोघंही वाट बघत राहिलो. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू माझ्यासाठी मॅकरोनीचा डबा पाठवलास, तो त्याने एकट्याने संपवला. भांडंही घासून ठेवलं.

आणि फोटोसाठी मी त्याला धरून आणलं नाही. एक बाई तयार झाली होती, तिने ऐन वेळी माघार घेतली. मी घरी चिडचिड करत होते तर हा म्हणाला, माझा लाव. मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण कशाला? सुटलास, गप्प बस. तर त्याने पोस्टर कुठे कुठे लागणार त्याचा नकाशा बघायला मागितला आणि तुझ्या चर्चसमोरच्या थांब्यावर बोट ठेवलं. तेव्हा मला वाटलं, आईला अभिमान वाटावा म्हणून. आता वाटतं, रागाने. पुन्हा वाटतं, दोन्ही असेल. मी हो म्हटलं ते मावशी म्हणून की मला चेहरा हवा होता म्हणून, तेही मला सांगता येत नाही. डायरेक्टरांनी पोस्टर बघून टाळ्या वाजवल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं, एवढं खरं.

काल तुझा निरोप पोचला: रविवारच्या आत काढून टाक, नाहीतर मी तुझी कुणी नाही. काढणं अवघड नाही, एक फोन केला की काम होतं. मी दोनदा फोन हातात घेतला. मग आज सकाळी न्याहारीच्या वेळी क्विंटनलाच सांगितलं की तुझी आई पोस्टर काढायला सांगतेय. तो टोस्टला लोणी लावत होता. वर न बघता म्हणाला, "काढ ना, मावशी. पण मग मी परत अटलांटात जायचं का?"

लोकांना काय सांगायचं हे सांगण्याचा पगार घेते मी, ताई, आणि माझ्याच टेबलाशी बसलेल्या पोराला सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता. तो डबा घेऊन टायरच्या दुकानात कामाला निघून गेला.

तेव्हा मी एवढंच ठरवलंय, बरोबर की चूक देव जाणे. पोस्टर काढायला माझी ना नाही. सुनावणीचं जे व्हायचं ते होईल, डायरेक्टरांची समजूत मी घालीन. पण ब्लँडीनच्या निरोपावर मी ते काढणार नाही. काढायचं तर तू क्विंटनला सांग, त्याच्या तोंडावर.

रविवारी तो तुझ्या चर्चला येतोय. बाजूच्या दाराने नाही, पुढच्या. दारात स्वागताला नेहमीसारखी तू उभी असशील, पांढरे हातमोजे घालून, आल्यागेल्याचा हात हातात घेत, एकेकाला जागेवर नेऊन बसवत. अनोळखी माणसालासुद्धा तू मागे उभं ठेवत नाहीस. ब्लँडीनला काय सांगायचं ते मला विचारू नकोस, मला खरंच माहीत नाही. तोही काही बोलणार नाही म्हणाला. तू त्याला कुठल्या बाकावर नेतेस, एवढंच बघायचंय त्याला.

तुझा मुलगा जिच्या घरी आहे, ती तुझी धाकटी,
ओडेसा