धाटावच्या कंपनीतला शब्बाथ

बाबा, आज रविवार आहे. खरं तर कालच लिहायला बसणार होतो, पण काल शनिवार, पेन धरायचं नाही. म्हणून दिवसभर मनातल्या मनात लिहीत राहिलो आणि आज त्यातलं निम्मं विसरलो. फार सुंदर पत्र होतं ते. हे उरलेलं.

काल पडवीत बसल्या बसल्या धाटावहून शिफ्ट सुटल्याच्या मोटरसायकली ऐकत होतो आणि माझा कामावरचा जोडीदार आठवला. तुम्हाला तो आवडायचा. धरमतरकडचा, मिठागरात वाढलेला, कंपनीत माझ्याच खात्यात. मी नोकरीला लागलो तेव्हा तुम्ही पगार किती ते विचारलं नव्हतं, शनिवारचं काय ते विचारलं होतं. आपल्या आजोबांचा घाणा शनिवारी बंद असायचा, म्हणून सगळी गावं आपल्याला, यहुद्यांना, शनवार तेली म्हणायची. तेल गेलं, घाणा गेला, शनिवार तेवढा राहिला, तो तू कंपनीला देऊ नकोस, असं तुमचं म्हणणं. मी सुपरवायझरकडे गेलो. तो म्हणाला की देव तुझा, पण टाक्या कंपनीच्या, आणि टाक्या धुवायच्या शनिवारीच. बदली माणूस आण आणि खुशाल बस. रसायनाच्या त्या टाक्या धुणं कुणालाच नको असे. डोळे चुरचुरतात, वास आठवडाभर अंगातून जात नाही. जोडीदार म्हणाला, "मी धुतो. तू गणपतीला, शिमग्याला माझ्या बदली ये." असा आमचा करार झाला. पुढे कितीतरी वर्षं गौरी-गणपतीत अख्ख्या खात्यात मी एकटा, यंत्रांना शाळेतल्या कविता म्हणून दाखवत.

पण त्या कराराने माझा शनिवार सगळ्या रोह्याचा झाला, बाबा. तुम्ही एक रखवालदार होतात, आता गावभर झाले. चहावाला शनिवारी मला लांबूनच हात हलवून पुढे जा म्हणायचा. शेजारीण मला विचारायची, "दिवा मी लावू का वो तुमच्या घरातला?" आणि लगेच स्वतःच म्हणायची की नको, सांगून लावलेला चालत नाय ना तुम्हाला. आपला धर्म तिला माझ्याहून जास्त पाठ होता.

आणि अशात पेणहून निरोप आला. शाळेतले माझे मराठीचे गुरुजी तिथल्या वाचनालयात कवितावाचन ठेवणार होते आणि त्यांनी मला बोलावलं होतं. धरमतरच्या खाडीवर मी रचलेली ती लांबलचक कविता म्हणायला. आयुष्यात मला कुणी कवी म्हणून बोलावलं ते तेवढंच. दिवस शनिवार. मी मनाची समजूत घातली की एसटी काही मी चालवत नाही, ती तशीही जाणारच आहे. तुम्ही दुपारी आडवे झालात तसा स्वच्छ सदरा घालून स्टँडवर गेलो. पेणच्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवला तर दारात कंडक्टर, जोडीदाराचा मेव्हणा. त्याने माझ्याकडे, मग सदऱ्याकडे पाहिलं.

"शनवार हाय आज."

मी म्हटलं, माहीत आहे.

"माझा दाजी तिकडं टाकीत उतरलाय," तो हळूच म्हणाला, "आन् तू पेणला चाललास व्हय?"

गाडीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी पाय खाली घेतला. गाडी गेली. त्यात निम्म्या जागा रिकाम्या होत्या, हे मला अजून टोचतं.

घरी आलो तर तुम्ही जागे. सदऱ्याकडे पाहून तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, गाडी चुकली का? मी हो म्हटलं. तेवढ्यात पहिली शिफ्ट सुटून जोडीदारच दारात उभा. मेव्हण्याने वाटेत कंपनीच्या फाटकाशी गाडी थांबवून त्याला बातमी दिली होती. मला वाटलं, आता हा करार मोडणार. तो पडवीत खांबाला टेकून बसला आणि म्हणाला, "येवढं काय होतं त्या पेणला? म्हण हितंच."

चूल पेटवायची नव्हती, म्हणून तुम्ही त्याला शुक्रवारची गार पुरणपोळी दिलीत. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि सुरू केलं. पहिलं कडवं त्याने मान डोलावून ऐकलं. दुसऱ्यात पोळी हातातच राहिली. लाल डोळे मिटले आणि तो घोरायला लागला. माझा एकुलता एक श्रोता. मी रागाने थांबलो. तुम्ही हात वर केलात.

"थांबू नको. आवाज बंद झाला तर जागा होईल."

मी म्हटलं, पण तो ऐकतच नाही.

"घाण्याच्या बैलाचीसुद्धा सुट्टी देवाने सांगून ठेवलीय," तुम्ही म्हणालात. "ह्याचा शनिवार तर तू घेऊन बसलायस. म्हण पुढे."

मग मी म्हणत राहिलो. खाडी संपली तेव्हा शाळेच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता काढल्या, अंगाईच्या चालीत. अंधारून चांदण्या दिसेपर्यंत. तो उठला, लाजला, राहिलेली पोळी तोंडात टाकून म्हणाला की झ्याक होती, आणि गेला. पुढच्या महिन्यापासून एक सोडून एक शनिवारी त्याच्याऐवजी टाकी मी धुवायला लागलो. तुम्ही तोंडाने परवानगी दिली नाहीत, पण त्या सकाळी डबा भरून दाराशी ठेवलेला असायचा.

गुरुजींनी पुन्हा बोलावलं नाही. मला वाईट वाटलं नाही असं नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, तुम्ही गेलात तिथला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकतो. त्या दिवशी मला तिसरं कडवं आठवलं नव्हतं. मी दुसरंच पुन्हा म्हटलं. तो तर घोरत होता. तुम्ही डोळे मिटून बसला होतात आणि तुमच्या ओठांवर काहीतरी हसल्यासारखं होतं. तुम्ही झोपला होतात का, बाबा, एवढं विचारायचं राहिलं.