कोचसाठी हब

३ मार्च, मंगळवार

पुन्हा भांडण! आणि तेही एका डबीवरून.

दुकानातून दोन हब आणलीत, पंधरा दिवस वापरून बघायच्या बोलीवर. एक पांढरी गोल डबी. तिला तोंडाने सांगायचं, की ती दिवे, पंखा, दार, फोन सगळं बघते. दुसरा काळा खोका, सोबत बशीएवढी बटणं. ती खुर्चीला, पलंगाला, बाथरूममध्ये कुठेही चिकटवायची. बोलायची गरजच नाही. डाव्या हाताने दाबलं की झालं.

कोचने बटणांकडे बघून तोंड फिरवलं. "म्हा...ताऱ्यांचं." झालं! अख्खा स्विमिंग पूल ज्याच्या एका हाकेने गप्प व्हायचा, तो नवरा माझा. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, पण ऐट जागच्या जागी! मीही चिडले. म्हटलं, ऐटीने पंखा लागत नाही. मग दिवसभर अबोला. त्याचा पाच महिन्यांचा, माझा आजचा.

५ मार्च

दातांच्या लॅबमधून साहेबांचा फोन. "बाई, सोळाला येताय ना? की दुसरं कुणी बघू?" चिडून नाही म्हणाले, पण म्हणाले. पाच महिने जागा धरून ठेवली हेच खूप. आणि कवळ्या काही घरी बसून करता येत नाहीत. येते म्हटलं.

म्हणजे सोळापासून कोच दिवसभर एकटा. 

नणंदेचं पालुपद चालूच — "अगं, त्याला शुश्रूषा केंद्रात ठेव. तिथे नीट बघतात." स्पीकर चालू होता. त्याने ऐकलं. रात्री जेवला नाही. बाई ठेवून पाहिली होती, तिच्या हातून तो पाणीसुद्धा पीत नाही. आता एक तर हे हब चाललं पाहिजे, नाहीतर मी नोकरी सोडायची, नाहीतर त्याने केंद्रात जायचं. चौथी वाट मला तरी दिसत नाही.

७ मार्च

गोल डबी लावली. आधी ढिम्म हलेना! कोच "दि...वा" म्हणतो आणि ती मख्ख. त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. "दि...वा... ला..." "हां, दिवा लाव! बरोबर, अस्संच!" — आणि लागला की! मी टाळ्याच वाजवल्या. पंखा चालू, पंखा बंद, सगळं करून घेतलं. मेली कानाची तयार आहे.

कोच हसला नाही. दमला असेल.

१० मार्च

स्पीच थेरपिस्ट बाई आल्या होत्या. "बघा, बोलायला कारण मिळालं की माणूस बोलतो." त्या असतानाच शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. कोच काहीतरी पुटपुटला. बाई बघतच राहिल्या. "दार उघड म्हणतोय," मी सांगितलं. खट्! दार उघडलं. काकू दारातच "अगंबाई" करत उभ्या!

त्याचं अर्धं बोलणं मलाच कळतं, पूर्ण मीच करते. सवयच झालीय. आता डबीलाही कळायला लागलं.

१२ मार्च

मोठी परीक्षा. "मदत" म्हटलं की माझा फोन वाजायला हवा. तो म्हणाला, मी म्हटलं, "मदत. 'द' जरा मोठा घे." खिशात फोन वाजला. हुश्श!

काळा खोका परत करायला घेतला. एकदा विचारलं, बटणं ठेवूया का, असू देत? "ने." आणि डाव्या हाताने बटणं स्वतःच खोक्यात भरली. माझ्याकडे न बघता.

१५ मार्च

उद्या. पर्स दोनदा भरली, दोनदा रिकामी केली.

१६ मार्च, सोमवार

गेले! मेण हातात घेतलं आणि बोटांना सगळं आठवलं. साहेब म्हणाले, "आला बाई तुमचा हात परत." किती दिवसांनी कुणीतरी माझ्या कामाबद्दल बोललं! फोन सारखा बघत होते. एकदाही वाजला नाही. म्हणजे सगळं छान.

घरी आले तर अंधार. पंखा बंद, घामाने शर्ट चिंब. सकाळी बसवला होता त्याच खुर्चीत. "अरे, पंखा?" "झोप...लो होतो." बरं म्हटलं.

१७ मार्च

आज डबा विसरले म्हणून जिन्यातून परत फिरले. दार लोटलेलंच होतं. आतून त्याचा आवाज. "पं...खा." मग जोर लावून, "पं...खा... ला...व." पंखा स्तब्ध. जरा वेळाने, हळूच, "म...दत."

फोन माझ्या हातात होता. वाजला नाही.

डबी त्याचं कधी ऐकतच नव्हती! दरवेळी मी शेजारी होते. त्याचं अर्धं वाक्य मी पुरं करत होते आणि दिवे माझ्या आवाजावर लागत होते. काल तो दिवसभर त्या मख्ख डबीसमोर ओरडत बसला असेल. आणि मी तिकडे कौतुक ऐकत होते!

साहेबांना सांगितलं, आज येत नाही. दुकानात जाऊन काळा खोका परत आणला. दुकानदार म्हणाला, "बाई, एकदाचं काय ते ठरवा." ठरवलंय म्हटलं. रागाने नाही, रडू येत होतं म्हणून तुटक बोलले.

१८ मार्च

सकाळी खुर्चीच्या हाताला बटण चिकटवलं. त्याने लगेच दाबून बघितलं. पंखा लागला. "चुकलं रे कोच, माझ्या लक्षातच आलं नाही," मी म्हटलं.

त्याने तोंड उघडलं. "म...ला..." पुढचं माझ्या ओठांवर आलं होतं. ओठ घट्ट मिटले आणि थांबले. किती वेळ लागतो त्याला! मी कधी थांबलेच नव्हते.

"मला... माहीत होतं. पहिल्या... दिवसापासून. बटणं... ऐटीत... नाकारली. डबीचं... सांगितलं... असतं... तर तू... कामाला... गेली नसतीस."