तांब्यावरची बोटं

चंदनसार, गुरुवार, संध्याकाळ

उद्या माझ्या बायकोचं, सुनंदाचं मासिक श्राद्ध. नंदाखाल गावाहून वहिनी आल्या आणि आल्या आल्या देवाची भांडी घासायला बसल्या. तांब्या उचलून म्हणाल्या, "भाऊजी, दिवसभर सातिवलीच्या कारखान्यात लोकांचा माल चकाकवता, आणि घरचा तांब्या असला?"

"तो राहू द्या, वहिनी."

"काळ्या तांब्यानं तर्पण करणार? सुनंदानं मला झोडलं असतं."

त्यांना काय सांगू? त्या तांब्यावर सुनंदाची बोटं उमटली आहेत. पूजेला बसताना ती तो तिथेच धरायची. हाताचं तेल लागलं की त्याचे रेणू धातूवर थोडे इकडेतिकडे सरकतात, मग काही तांब्याला धरून बसतात. डाग पडतो. फडक्याने जात नाही, चिंचेने जातो. कारखान्यात मुलामा चढवण्याआधी आम्ही हेच तर धुऊन काढतो.

पण सुतक संपल्यापासून पूजा मी करतो. तांब्या तिथेच धरतो, तिच्या बोटांवर बोटं ठेवून. नवे रेणू आले की जुन्यांना ढकलून त्यांची जागा घेतात, हे मला ठाऊक नव्हतं का? मग ती बोटं आता कोणाची? बहुतेक माझीच.

चिंच वहिनींपुढे सरकवली.

सकाळी येते म्हणून त्या गेल्या. तांब्या लख्ख झालाय. कारखान्यात धुतलेल्या मालाला मी कोणाला उघडा हात लावू देत नाही, लगेच ओरडतो. इथे ओरडणार कोण? उघड्या हातानंच पाणी भरून तो देवापुढे ठेवला. त्यावर आता माझ्या एकट्याचीच बोटं आहेत.