चरातला कोळसा

भिलाई, सेक्टर दोन
सोमवार, १२ डिसेंबर १९६०

तीर्थस्वरूप जानरावमामा,

प्रेमलाचा शिरसाष्टांग नमस्कार. आई बरी आहे, थंडीने तिचे गुडघे तेवढे कुरकुरतात. मी शिकवते त्या शाळेतली सहामाही परीक्षा आटोपली. तुमचं पत्र शनिवारी पोचलं. मूर्तीचं पुढे लिहिते, आधी इथलं ऐका.

रुआबांध्याजवळ कारखान्याच्या पाइपासाठी चर खणताना जुनी खापरं निघाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथल्या इंजिनिअरसाहेबांनी तेवढा तुकडा महिनाअखेरपर्यंत मला सोडून दिलाय. शाळा सुटली की मी तिथे. वर शेतातली काळी माती, तिच्याखाली कोणाच्या तरी घराची चोपलेली जमीन. त्या जमिनीवर चूल आहे आणि चुलीत अजून कोळसा आहे!

तुम्ही लिहिलंत, "भिलाईत कोळशाला काय तोटा? मालगाड्या भरभरून येतो." हसले मी. पण मामा, परदेशात आता अशा कोळशावरून वय काढतात. ही चूल कधी विझली ते उद्या तो सांगेल. तुमच्या दिवाणखान्यातल्या मूर्तींना मी लहानपणापासून विचारत आले, बाई गं, तू कुठली? एक बोलेल तर शपथ. त्यांना उचलणाऱ्याने जागाच लिहून ठेवली नाही.

तुमच्या तरुणपणी साहेब लोक टेकाडं फोडायचे, देखणं ते उचलायचे, बाकीचं ढिगाऱ्यात. तुम्ही तेच शिकलात, त्यात तुमचा दोष नाही. पण नंतर चौकोन आखून, एकेक थर सोलत खणणारे आले आणि त्यांनी फुटक्या खापराला मूर्तीच्या पंगतीला बसवलं. शास्त्र पुढे गेलं. तुम्ही चिंच घेऊन नाणी घासत बसलात.

घासण्यावरून आठवलं. माती वाहायला गोंदियाकडची गयाबाई आहे. सुरुवातीला तिने टोपलीभर खापरं राखेने घासून लख्ख केली. शेकडो वर्षांची काजळी गेली! मी नको नको ते बोलले. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खरकटं भांडं ठेवत नाई आमी. घासाचं नव्हतं त कावून नाई सांगतलं पयले?" खरंच, मी सांगितलं नव्हतं. त्यानंतर तिने एका खापराला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. तुम्हाला मात्र मी दरवर्षी सांगत आलेय.

आता चरात सापडलेल्या मूर्तीचं. मजुरांच्या कुदळीला ती लागली तेव्हा मी तिथेच होते, जागा नकाशावर घेतली आहे. बायकांनी तिला शेंदूर लावून जवळच्याच कडुनिंबाखाली बसवलंय. शेंदरावरून मी त्यांच्याशी भांडले आणि हरले. तुम्ही लिहिता की रविवारी ट्रक घेऊन येतो, मूर्ती नागपूरला नेतो, अहवालही तुमच्याच नावाने छापायचा, कारण बाईमाणसाने खणलं हे कोण मानणार? आणि पुण्याच्या उत्खनन-शिक्षणासाठी माझ्यासाठी शिफारसपत्र सोबत आणताय. सौदा समजला मला.

गयाबाईला सांगितलं तर म्हणते, "नेऊन त पाहा म्हणा! देव का शोकेसमधला बाहुला हाय?"

शिफारसपत्र आणू नका. तुमच्या शब्दाशिवाय पुणं बहुधा मिळणार नाही, हे कळतं मला. तरी आणू नका. आई रडते आहे. "बाप गेल्यावर मामानं शिकवलं तुले, त्याले असं लिवतेस काय वं?" शिकवलंत, हे मी जन्मभर सांगेन. म्हणून माझ्या हाताने खणलेलं तुमच्या नावाने छापू देणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी इतकं लिहूनही हातातून उतरत नव्हती. पुरातत्त्व खात्याला मी पंधरवड्यापूर्वीच कळवलंय. नकाशे, थरांची चित्रं, सगळं माझ्या नावाने पाठवलं. त्यांचे अधिकारी मूर्तीची नोंद करायला येणार होतेच. तुमचं पत्र आल्यावर मी तार केली आणि त्यांच्या भेटीसाठी तुमचाच रविवार मागून घेतला. आज त्यांचा होकार आला.

तुम्ही या, मामा. आई तुमच्यासाठी पाटवडी-रस्सा करणार आहे. ट्रक पावर हाउस वस्तीतच उभा करा, चराचे काठ ढासळतात. अधिकारी विचारतील, हे कोणी खणलं? उत्तर मी देईन. त्या वेळी माझ्या शेजारी उभं राहायचं की समोर, एवढंच तुम्ही ठरवून या.

तुम्ही शिकवलेली आणि तुमचं न ऐकणारी,
प्रेमला